१९७० च्या दशकातलं रो-हाउस, दुसरं बाळ वाटेवर: काय पाडू, काय ठेवू?

जिन्याखालची
ओळीतलं मधलं घर आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, त्यामुळे उजेड येणार तो पुढून नाहीतर मागून. खाली हॉल, त्यामागे स्वयंपाकघर, मधे जिना. वर दोन खोल्या आणि सगळ्यांना मिळून एकच बाथरूम. थोरली पाच वर्षांची, दुसरं येतंय, आणि आईही आता आमच्याकडेच राहणार. तिला जिना चढवत नाही.

घर घेतलं ते मोझॅकच्या लाद्यांवर आणि जिन्याशेजारच्या भाजक्या मातीच्या जाळीवर भाळून. नवरा म्हणतो सगळं उपटू, नवं करू. मी म्हणते लाद्यांना हात लावून तर बघ. एका बाबतीत मात्र आमचं एकमत आहे: हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत नको. ठेकेदार म्हणाला, "साडेचार इंची आहे, दुपारपर्यंत आडवी करतो." त्याच्या या उत्साहाचीच मला धास्ती वाटतेय. शिवाय खाली आईसाठी बाथरूम जिन्याखाली बसेल का?

साइटवरची
ठेकेदाराला आधी थांबवा. भिंत साडेचार इंची आहे म्हणून ती भार घेत नसेल असं कुणी सांगितलं? वरच्या मजल्यावर जाऊन बघा, बरोबर त्याच रेषेत भिंत उभी आहे का. स्लॅब कुठून कुठे टेकलाय, वर तुळई आहे की नुसती वीट, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बघू दे. गरज पडली तर गिलावा थोडा फोडून बघतील, फोडू द्या. भार असेल तर दोन्ही बाजूंनी टेकू लावून गर्डर (लोखंडी तुळई) किंवा आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची, तुळई टाकावी लागते आणि भिंत त्यानंतर निघते. क्रम उलटा झाला की वरच्या भिंतीला तिरक्या भेगा जातात, दारं चौकटीत अडकायला लागतात. सामाईक भिंतीत गर्डर टेकवायचा असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. भिंत त्यांचीही आहे.

माझं मत विचाराल तर अख्खी भिंत काढूच नका. दोन्ही टोकांना हात-दीड हात भिंत ठेवून मधे रुंद मोकळी जागा करा. तुळईला टेकायला जागा मिळते आणि स्विचबोर्ड कुठे न्यायचे हा प्रश्नच उरत नाही.

जिन्याखालचं बाथरूम कागदावर छान दिसतं. डोकं आपटेल ते सोडा, खरी अडचण ड्रेनेजची. संडासच्या पाइपला मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर उतार लागतो. उभी लाइन, म्हणजे वरून खाली येणारा सांडपाण्याचा पाइप, तिथून दूर असेल आणि पाइप जमिनीखाली नेता येत नसेल, तर फरशी उचलावी लागते आणि उंबऱ्याला पायरी येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेमकी तीच नको असते. वरच्या बाथरूमच्या थेट खाली जागा निघते का बघा, मग तीच लाइन वापरता येईल. आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि बाहेरचे नुसते ढकलत बसतात.

लादीवेडा
मोझॅकसाठी माझं पण एक मत धरा, राहू द्या. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी असते, वरचा थर घासला की खालून तोच ऐवज वर येतो. पॉलिशवाल्याला फक्त एवढं बजावा: ॲसिड नाही. ॲसिड सिमेंटही खातं आणि खडीही.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. भिंत निघाली की तिच्याखाली लादी नसते, हॉलभर आडवा पट्टा उघडा पडतो. त्या छटेची लादी आता मिळणं कठीण. ओट्याखालच्या, कपाटाखालच्या लाद्या अख्ख्या निघाल्या तर त्या इथे वापरा. ओट्याखाली काहीही टाकलं तरी चालतं.

ब्रशवाला
सगळ्यांनी रंगाचं विसरलात. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. खिडक्या, कठडे कोरड्या सँडपेपरने घासू नका, आधी रंगाचा तुकडा तपासून घ्या. शिसं निघालं तर भिजवून खरवडायचं, धूळ ओल्या फडक्याने टिपायची, आणि त्या काळात तुम्ही आणि मुलगी त्या घरात नकोच. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मागे सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तेही फोडू किंवा ड्रिल करू नका; ॲस्बेस्टॉस असू शकतं.

जिन्याखालची
वर जाऊन आले. कपाट सरकवलं तर मागे भिंत हजर, अगदी त्याच रेषेत! ठेकेदाराला थांबवलंय, इंजिनिअर बघितल्याशिवाय हातोडा नाही. जाळीला काच लावू का, धूळ फार येते?

साइटवरची
काच लावलीत तर उघडणारी लावा. मधल्या घरात जिना हाच धुराडं असतो, गरम हवा तिथूनच वर चढते. वर तिला बाहेर पडायला झरोका असेल तर तोही बुजवू नका. उजेड हवा असेल तर जिन्यावर स्कायलाइट करा, कडेचं वॉटरप्रूफिंग मात्र नीट. कठडा बदलाल तेव्हा गज उभेच घ्या आणि दोन गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवा. आडव्या गजांवर मुलं चढतात.

आणि लाद्या-पॉलिशच्या आधी वायरिंग. अर्थिंग तपासा, ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, पाण्याचे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजले असतील तर त्याच फोडाफोडीत बदलून घ्या. पॉलिश सगळ्यात शेवटी.