मदत हवी आहे: तपासणी अंक जुळतो, तरी वॅगन नंबर चुकीचा

साइडिंगवर (माल भरण्याच्या बाजूच्या रुळांवर) मालगाडीच्या वॅगनचे नंबर टिपून घेतले जातात आणि मग एक्सेलमध्ये चढवले जातात. तिथे ११ अंकांची तपासणी लावली आहे. रचना नेहमीचीच: २ अंक वॅगनच्या प्रकाराचे, २ मालक रेल्वेचे (मध्य ०१, पश्चिम ०८), २ बांधणीच्या वर्षाचे, ४ वॅगनचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा तपासणी अंक. सम स्थानांची बेरीज गुणिले ३, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवायची. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा अंक.

उदाहरणार्थ १००८०५३८१६४. सम स्थाने २७, तिप्पट ८१, विषम ५, एकूण ८६, म्हणून ४. आता ३८ चे ८३ करून बघा: ६६ अधिक १० म्हणजे ७६, पुन्हा ४च! शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असला (०-५, १-६, २-७, ३-८, ४-९) की अदलाबदल या सूत्रातून बिनबोभाट निसटते. एक आड एक अंकांची आपसात अदलाबदल झाली तरी तेच. एकच अंक चुकला तर मात्र हमखास पकडला जातो.

एफओआयएसमधल्या (रेल्वेची मालवाहतुकीची संगणक प्रणाली) रेकच्या, म्हणजे जोडलेल्या वॅगनच्या संपूर्ण रांगेच्या यादीशी ताळा घेतला की चूक कळते, पण तोवर गाडी भरून झालेली असते.

प्रश्न असे:
१) प्लेसमेंटच्या (साइडिंगवर वॅगन लावण्याच्या) वेळीच ती यादी एक्सेलमध्ये मिळवून क्रमाने जुळवणारे कोणी आहे का? ब्रेक व्हॅनच्या (गार्डच्या डब्याच्या) टोकाकडून मोजता की इंजिनाकडून?
२) कोळशाच्या धुळीने रंगवलेला नंबर वाचता येत नाही. हातातल्या रीडरने वॅगनचा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी) वाचून काम भागतं का? किती अंतरावरून?