कासुतेरा 'पोर्तुगीज केक' कसा?

गोडघाशी
कासुतेरा या जपानी स्पंज केकबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, "कासुतेरा म्हणजे पोर्तुगीजांचा केक, जपान्यांनी नुसतं नाव बदललं." वाचून डोकं सणकलं. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले, १६३९ मध्ये त्यांना हाकललं. पुढची पावणेचारशे वर्षं भट्टीसमोर कोण उभं राहिलं? लोणी नाही, दूध नाही; मिझुआमे (स्टार्चपासून केलेला दाट गोड पाक) घालून तो मऊ ओलावा आणला नागासाकीच्या कारागिरांनी. मी तिथे एकाला लाकडी चौकट भट्टीबाहेर ओढून अर्धवट भाजलेलं मिश्रण ढवळताना पाहिलंय, बुडबुडे मोडायला. परत आत, परत बाहेर. तळाला साखरेचे खडे दाताखाली कुरकुरतात. ही नक्कल?

मडगावकर
ते वाक्य माझंच. हाकललं म्हणून ऋण फिटतं? जपानी मिठाईत अंडं आणलं कुणी? फुकुओकाचं केइरान सोमेन बघा: उकळत्या पाकात पिवळ्या बलकाची धार. पोर्तुगालात हेच फिओस दे ओवोस. कोन्पेइतो, ती खडबडीत साखरगोळी, म्हणजे पोर्तुगीज कॉन्फेइतो. १५६९ मध्ये पोर्तुगीज धर्मप्रसारक लुईस फ्रोइसने जपानी सरदार नोबुनागाला काचेच्या बाटलीतून तेच दिलं. आणि हा फ्रोइस जपानला जायच्या आधी गोव्यात शिकला. गोव्याचं नाव कुणी घेत नाही, त्याचाच राग येतो.

कोकणकन्या७
गोवा कुठून आलं मध्येच?

मडगावकर
जपानच्या सागा प्रांतातलं मारुबोरो आणि आमचं गोव्याचं बोलिन्हा, दोन्ही बिस्किटं 'बोलो' (पोर्तुगीजमध्ये केक) या शब्दातून आलीत. आजी नाताळात प्रत्येकावर काट्याने रेघा ओढायची.

कोकणकन्या७
तुमच्यात नारळ-रवा, त्यांच्यात मैदा-अंडं. शब्द एक म्हणून पदार्थ एक होत नाही. पाव आणि पावासाठीचा जपानी शब्द 'पान' एकाच पोर्तुगीज शब्दाचे, म्हणून काय वडापाव जपानी?

पुणेरी_पंत
पाव पोर्तुगीज नाही हो. पायाने मळतात म्हणून पाव!

कोकणकन्या७
पंत, ही थाप ऐकवून आजोबांनी मला दहावीपर्यंत पाव खाऊ दिला नाही. वर्गात सगळ्यांच्या डब्यात पावभाजी, माझ्या पोळी. कृपा करून पुढच्या पिढीला हे सांगू नका.

पुणेरी_पंत
वडीलधाऱ्यांना खोटं म्हणायची ही कुठली पद्धत?

कोकणकन्या७
चुकीचं ते चुकीचं. आजोबांवर माझा जीव होता, तरीही.

गोडघाशी
पावाचा वेगळा धागा काढा. मडगावकर, बीज तिकडचं, मान्य. पण 'नुसतं नाव बदललं' हे मागे घ्या.

मडगावकर
नाव तर बदललंच नाही, कासुतेरा म्हणजे पोर्तुगीज 'कास्तेला'च, जपानी उच्चारात. 'नुसतं' मागे घेतो. तेवढंच.