लॅसिक झालेल्या डोळ्याचं मोतीबिंदू ऑपरेशन झालं आणि प्लस दोन नंबर आला

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून विचारतेय. नवऱ्याच्या (वय ५४) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. फेको (बारीक छेदातून केलेलं ऑपरेशन), साधी मोनोफोकल म्हणजे एकाच अंतरासाठीची लेन्स, पुण्यातलं चांगलं हॉस्पिटल. आधी सांगितलं होतं की लांबचं बिनचष्म्याचं दिसेल, वाचायला तेवढी चाळिशी लागेल. त्याला शाळेपासून जाड चष्मा, मायनस साडेसहा, मग २००५ मध्ये लॅसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) करून तो घालवला होता. लॅसिकचं आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, तिथल्या कौन्सेलरलाही सांगितलं होतं.

तर पट्टी काढली तेव्हा स्वारी खूश, भिंती पांढऱ्याशुभ्र दिसायला लागल्या, म्हणे इतके दिवस आपण चहाच्या पाण्यातून बघत होतो. पण समोरून येणाऱ्या पीएमपीएमएल बसचा नंबर वाचता येईना आणि मोबाईल तर हात लांब करूनही नाही. परवा तपासलं तर प्लस दोन! डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून आहे, तिथे मायनस दीड. चष्मा लावला की एका डोळ्याला वस्तू मोठी आणि दुसऱ्याला लहान, जिना उतरताना कठडा सोडत नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उत्तम झालंय, थोडा नंबर राहिलाय, एवढंच. सासूबाईंच्या मते लेन्सच चुकीची बसवली. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, ती ठेवावी की नको?

ठाण्याचा_चष्मेवाला:
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सर्जन नाही, तेवढं धरून वाचा. लॅसिक म्हटल्याबरोबर उलगडा झाला. लेन्सचा पॉवर ठरवताना मुख्य दोन मापं घेतात, डोळ्याची लांबी आणि बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेची म्हणजे कॉर्नियाची गोलाई. लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीनने हलतो, पण तुमच्याकडे बहुतेक गोलाईचा घोळ आहे. मशीन कॉर्नियाची पुढची बाजू मोजतं आणि मागची बाजू ठरावीक प्रमाणात असेल असं गृहीत धरतं. मायनस नंबरच्या लॅसिकमध्ये पुढची बाजू सपाट होते, मागची तशीच राहते, म्हणजे ते प्रमाणच बिघडतं. मशीनला कॉर्निया आहे त्यापेक्षा ताकदवान वाटतो, त्यामुळे लेन्स कमी पॉवरची निघते, आणि डोळा प्लसमध्ये जातो. शिवाय जुने फॉर्म्युले त्याच गोलाईवरून लेन्स आत किती खोल बसेल याचाही अंदाज बांधतात, तोही त्याच दिशेने चुकतो. म्हणून लॅसिकवाल्यांसाठी वेगळे फॉर्म्युले आहेत, बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल वगैरे. तेही शंभर टक्के अचूक नाहीत हे आधीच सांगतो, पण साध्या फॉर्म्युल्यापेक्षा खूपच बरे.

आता काम करा एक. हॉस्पिटलकडून बायोमेट्रीचा (म्हणजे या मापांचा) प्रिंटआउट मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा स्टिकर असतो तो बघा. दोन्हीवरचा पॉवर एकच आहे का? फॉर्म्युला कुठला लिहिलाय? हे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका. आणि पडद्याचा ओसीटी स्कॅन झाला नसेल तर करून घ्या, ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात कधीकधी पडद्याला सूज येते आणि मग नंबर कितीही लावा, अंधुकच दिसतं.

माईंचा_मुलगा:
आमची गोष्ट उलटी. आईला मायनस दहा होता, आमच्या डॉक्टरांनी आधी बसवून विचारलं की काकू दिवसभर काय करता? ती म्हणाली तांदूळ निवडते, पोथी वाचते, सुईत दोरा ओवते, आणि चष्मा काढून नाकाजवळ धरून बघायची सवय जन्माची. मग त्यांनी मुद्दामच मायनस अडीच ठेवला. लांबच्याला चष्मा लागतो, जवळचं मोकळ्या डोळ्याने. शेजारच्या काकांनी लगेच ‘अरेरे, नंबर राहिला’ केलं, पण आई मजेत आहे. सांगायचं म्हणजे नंबर राहणं वेगळं आणि न विचारता, न सांगता राहणं वेगळं. तुमच्या यजमानांना हा धोका आधी सांगायला हवा होता, माझं मत.

हिरडा_बेहडा:
त्रिफळ्याच्या पाण्याने रोज डोळे धुवा. आमच्या आजोबांना ९० पर्यंत चष्मा नव्हता.

ठाण्याचा_चष्मेवाला:
अहो दादा, महिन्याभरापूर्वी कापलेल्या डोळ्यात घरचं पाणी घालू नका कृपया. इन्फेक्शन झालं तर नंबर राहूदे बाजूला, डोळा जाईल.

रानजाई:
कागद मिळाले. कुरकुर केली पण दिले. स्टिकर आणि शीट दोन्हीवर १९.५, म्हणजे सासूबाईंचा मुद्दा निकालात. पण फॉर्म्युल्याच्या जागी एसआरके/टी (म्हणजे साधाच, लॅसिकवाल्यांचा नाही) लिहिलंय आणि लॅसिकचा उल्लेख त्या शीटवर कुठेच नाही. ओसीटी नॉर्मल. नवरा म्हणतोय जाऊदे, चष्मा लावू. मला राग येतोय. लेन्स बदलता येते का हो?

ठाण्याचा_चष्मेवाला:
येते, पण घाई नको आणि फार उशीरही नको. चष्म्यात प्लस दोन घालवायचा तर आतली लेन्स साधारण तीनने जास्त पॉवरची लागते, हिशोब एकास एक नसतो. पहिल्या काही महिन्यांत लेन्स सुटी करणं सोपं, नंतर ती ज्या पातळ पडद्याच्या पिशवीत बसवलेली असते ती पिशवी तिला घट्ट धरून बसते. दुसरा मार्ग, आहे ती लेन्स तशीच ठेवून तिच्या पुढे अजून एक पातळ लेन्स बसवणं. तिसरा पुन्हा लेझर, पण एकदा लॅसिक झालेल्या कॉर्नियावर प्लससाठी लेझर म्हणजे किती जाडी उरलीय ते मोजूनच. यातलं काय, ते दुसऱ्या एखाद्या सर्जनला, शक्यतो रोज लॅसिकवाले डोळे हाताळणाऱ्याला, हे कागद दाखवून ठरवा. आणि मधल्या काळात कोणी ‘लेन्सच्या मागे जाळी आलीय, यॅग लेझर (ती जाळी साफ करायचा लेझर) मारून टाकू’ म्हटलं तर थांबा. यॅगने पिशवीच्या मागच्या बाजूला भोक पडतं, मग लेन्स बदलणं जोखमीचं होतं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढे ढकला. पहिल्या डोळ्याचा चुकलेला आकडा दुसऱ्याच्या हिशोबात घेतात, तो फुकट घालवू नका. तोवर उजव्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का विचारा, जिन्याचा त्रास बराच कमी होईल, वस्तू लहानमोठी दिसणं चष्म्यात जास्त असतं.

जुनी_पुस्तकं:
थोडं अवांतर. डोळ्यात बसवलेली जगातली पहिली लेन्स हॅरोल्ड रिडली यांची, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, नोव्हेंबर १९४९. लढाऊ विमानांच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहूनही डोळा बिथरत नाही हे बघून त्यांनी त्या काचेच्याच, म्हणजे पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची लेन्स करवून घेतली. आणि त्या पहिल्या पेशंट बाईंना नंबर किती आला? मायनस अठरा! तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, प्लस दोन म्हणजे काहीच नाही.

रानजाई:
सांगितलं. म्हणाला, ‘ती जगातली पहिलीच लेन्स होती, त्या डॉक्टरांची चूक माफ आहे.’ तारीख रद्द केलीय, गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे चाललोय.