लाईम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचं औषध पूर्ण झालं, तरी ताप जाईना. गोचिडीतून दुसराही आजार होतो का?

रावेरचा केळीवाला
नमस्कार मंडळी. धाकटा मुलगा अमेरिकेत कनेक्टिकटला असतो. जूनमध्ये मित्रांसोबत तिथल्या जंगलात फिरून आला आणि मांडीवर मोठा लाल चट्टा उठला. डॉक्टरांनी लाईम सांगून डॉक्सीसायक्लिन दिलं, चट्टा गेला. आता सुट्टीत घरी आलाय. रोज ताप, रात्री बनियन पिळावं लागतं इतका घाम, जिना चढला की धाप. लघवी कोऱ्या चहासारखी. हिमोग्लोबिन ९ वर आलंय.

इथल्या लॅबने झटपट तपासणीच्या कार्डावर 'मलेरिया निगेटिव्ह' दिलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच बघून 'फॅल्सिपेरम रिंग्ज दिसल्या' (म्हणजे घातक मलेरियाचे अंगठीसारखे परजीवी) असं लिहिलं. एकाच रक्ताचे दोन निकाल! डॉक्टर म्हणतात मलेरियाचं औषध सुरू करू. काय करावं?

शिरपूरचा गोठा
भाऊ, घाबरानं काम नही. माझ्या जर्सी गाईला गोचिडीतून बबेसिया झाला होता. लघवी लाल, डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक. पशुवैद्यकांनी काच बघितली, इंजेक्शन दिलं, गाय उठली. माणसाला होतो का माहीत नाही, पण हे नाव डॉक्टरांच्या कानावर घाला.

काचवाले अण्णा, भुसावळ
हिवतापाच्या काचा बघण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

गोठेवाले भाऊ, नाव बरोबर सांगितलंत. माणसालाही होतो, पण त्याची जात वेगळी. गाईचं इंजेक्शन गोठ्यातच राहू द्या.

कनेक्टिकटच्या बाजूला बबेसिया मायक्रोटी नावाचा परजीवी आहे. काळ्या पायांची जी गोचीड लाईम पसरवते, तीच हाही पसरवते, त्यामुळे एका चाव्यात दोन्ही येऊ शकतात. लाईमचा जंतू म्हणजे बॅक्टेरिया, तो डॉक्सीला दबतो. बबेसिया तांबड्या पेशीत घुसून ती फोडतो आणि डॉक्सीने तो जात नाही. चट्टा गेला, ताप राहिला, रक्त उतरलं, लघवी गडद झाली, हे सगळं एका ओळीत बसतंय.

आता दोन निकालांचं. कार्ड फक्त मलेरियाची प्रथिनं ओळखतं, बबेसियात ती नसतात. काचेवर मात्र दोघांच्याही रिंगा दिसतात, आणि आपल्याकडे रिंग दिसली की हात आपोआप फॅल्सिपेरम लिहितो. खान्देशात गोचिडीचा विचार कोण करतो! लॅबला सांगा, मुलगा कुठून आलाय ते, आणि ताज्या रक्ताची पातळ काच गिम्सा नावाच्या रंगाने रंगवून पुन्हा बघा. जाड काचेवर भागायचं नाही, तिथे पेशीच फुटलेल्या असतात. बघायचं ते असं: लहानमोठ्या, वेड्यावाकड्या रिंगा, काही पेशीच्या बाहेरसुद्धा. मलेरियाचं तपकिरी रंगद्रव्य नाही. फॅल्सिपेरममध्ये पुढे केळीच्या आकाराचे गॅमेटोसाइट (परजीवीचं पुढचं रूप) सापडतात (तुमच्या गावाला सांगायला नको), ते इथे कधीच नसतात. एका पेशीत चौघं फुलीसारखे जुळलेले दिसले तर बबेसियाच, पण ते क्वचित दिसतात. दिसले नाहीत म्हणून नाही असं समजू नका.

काचेवर परजीवी थोडे असले तर चुकतात, म्हणून सोबत बबेसियाचं पीसीआर, म्हणजे रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी. अँटिबॉडीवर एकट्यावर विसंबू नका, आजार बरा झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. लाईमची तपासणी पुन्हा करून आज काही कळणार नाही, तिचंही तसंच आहे. बबेसियावर सहसा ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देतात, ७ ते १० दिवस. ते संसर्गतज्ज्ञाच्या हातूनच होऊ द्या. दुसऱ्या काचेत खरंच फॅल्सिपेरम निघाला तर त्याचं औषध एक दिवसही लांबवायचं नाही, म्हणून ही काच आजच.

एक विचारतो: मुलाची प्लीहा जागेवर आहे ना? आणि कुणाला रक्त दिलंय का त्याने?

धुळेकर, मुक्काम बोस्टन
अण्णांच्या शेवटच्या प्रश्नामागचं कारण सांगते. हा आजार रक्तातूनही जातो. २०१९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, १४ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत दात्यांचं रक्त बबेसियासाठी तपासायला सांगितलं, त्यात कनेक्टिकट आणि आमचं मॅसॅच्युसेट्स दोन्ही आहेत.

दादा, मुलाच्या तिथल्या डॉक्टरांना आत्ता मेसेज टाका. चट्ट्यावरून थेट औषध दिलं असेल तर रक्त तपासलंच नसेल. घेतलं असेल तर त्यात बबेसिया होता का, हे नेमकं विचारा. लाईमच्या तपासणीत तो आपोआप येत नाही.

रावेरचा केळीवाला
रक्त दिलेलं नाही. प्लीहा मात्र नाही. कॉलेजात असताना मोटरसायकलवरून पडला होता, तेव्हा काढली. इथे कुणी विचारलंच नाही, आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

काचवाले अण्णा, भुसावळ
मग घरी थांबू नका. तांबड्या पेशींतले परजीवी गाळायचं काम प्लीहा करते. ती नसेल तर हा आजार झपाट्याने वाढतो, जीवावरही बेततो. रक्तात परजीवी फार झाले तर रक्त बदलावं लागतं, आणि ती सोय मोठ्या ठिकाणीच असते. गाडी काढा, जळगावला आयसीयू असलेल्या ठिकाणी आजच दाखल करा. दारातच सांगा: प्लीहा काढलेली आहे, कनेक्टिकटहून आलाय, गोचीड चावल्याचा संशय, मलेरिया कार्ड निगेटिव्ह पण काचेवर रिंगा. सगळे रिपोर्ट आणि ती जुनी काच लॅबमधून मागून सोबत घ्या. काच द्यायला ते कुरकुरतील, तरी घ्याच.