मदत हवी आहे : तोल आणि समन्वयासाठी घरी जिम्नॅस्टिक्सची सुरुवात कोणत्या क्रमाने करावी?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. धावण्यात तो कोणालाही हार जात नाही. मात्र लंगडी घालताना उजव्या पायावर चार-पाच उड्या होतात आणि डाव्या पायावर दुसऱ्याच उडीला पाय खाली टेकतो. चेंडू झेलताना तो डोळे मिटून घेतो. बालरोगतज्ज्ञांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे आणि सराव वाढवण्यास सांगितले आहे. परंतु सराव नेमका कशाचा, हे मला कळलेले नाही.

पुढे त्याला मल्लखांबासाठी यशवंत व्यायामशाळेत घालण्याचा विचार आहे. तोपर्यंत फरशीवर चिकटपट्टी लावून तिच्यावरून टाचेला बोटे जुळवत चालण्याचा सराव घेते. आता कोलांटउडी सुरू करावी का? सासूबाईंच्या मते कापसाची जाड गादी त्यासाठी सर्वांत सुरक्षित आहे.

प्रतिसाद

ताई, चिकटपट्टीची कल्पना उत्तम आहे. स्पर्धेतील बॅलन्स बीम, म्हणजे तोल सांभाळत चालण्याची तुळई, १० सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो, तरी त्याची तयारी जमिनीवरील रेघेपासूनच होते. फक्त मुलाची नजर पायांवर नसावी, समोरच्या भिंतीवर असावी. कानाचा आतील भाग, डोळे आणि स्नायू-सांधे या तिघांकडून मिळणाऱ्या सूचना जुळवून मेंदू तोल सांभाळतो; म्हणून पुढे चालणे जमले की उलटे चालणे आणि मग भिंतीजवळ, आपण शेजारी असताना, डोळे मिटून एका पायावर उभे राहणे, अशी पायरी चढवावी. डाव्या पायाच्या वेळी सुरुवातीला एक बोट भिंतीला टेकू द्यावे.

कोलांटउडीपूर्वी नीट उतरायला शिकवा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून दोन्ही पायांनी उडी मारताना आधी चवडे, मग टाचा टेकाव्यात, गुडघे वाकलेले असावेत आणि तीन अंक मोजेपर्यंत हलू नये. सोबत अस्वलचाल, म्हणजे गुडघे न टेकवता हात-पायांवर चालणे, घ्या. उजवा हात आणि डावा पाय एकदम पुढे टाकण्यात समन्वयाचा खरा कस लागतो, शिवाय कोलांटउडीसाठी मनगटे आणि खांदे तयार होतात.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण जाड गादीत हात रुततात आणि भार मानेवर येतो. दुहेरी घडीची सतरंजी किंवा घट्ट मॅट घ्यावी. हनुवटी छातीला चिकटलेली आणि भार हातांवर असावा. टाळू टेकवून लोळणे मुळीच चालणार नाही. पहिल्या काही कोलांटउड्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हाव्यात.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. चेंडूचे काय करावे आणि रोज किती वेळ द्यावा?

प्रतिसाद

चेंडूऐवजी आधी फुगा किंवा ओढणी उडवून झेलायला द्यावी. ती सावकाश खाली येते, त्यामुळे डोळे उघडे राहतात. रोज दहा मिनिटे पुरेत, जेवणानंतर लगेच मात्र नको.