चर्चा धागा: डॉट कॉम सोडून नवं शेपूट लावलं, धंद्याला फायदा काय?

लालबाग_मसाला
दुकान आजोबांपासूनचं, वेबसाइट गेल्या वर्षीची. आमच्या आडनावाचं डॉट कॉम कुणीतरी केव्हाच अडवून ठेवलंय. त्यावर काही चालत नाही, पण विकायचे दीड लाख सांगतो. मुलगा म्हणाला, नवं शेपूट घेऊ, म्हणजे पत्त्याच्या शेवटी डॉट कॉमऐवजी दुसरं काहीतरी. (कुठलं ते सांगत नाही.) पहिल्या वर्षी दीडशे रुपये. आता नूतनीकरणाचं बिल आलंय चार हजारांचं. दुकान आपलं, नाव आपलं, आणि पागडी भरायची दुसऱ्याला? त्यात म्हणे नवी शेपटं चालवू पाहणाऱ्या कंपन्यांसाठी २०२६ च्या फेरीत आयकॅनचा, म्हणजे ही शेपटं वाटणाऱ्या जागतिक संस्थेचा, एका अर्जाचा दर २ लाख २७ हजार डॉलर. हा पैसा शेवटी आपल्यासारख्यांकडूनच वसूल होणार ना?

गिरगावचा_डिझायनर
शेठ, दुसऱ्या वर्षाचा दर घेतानाच लिहिलेला असतो, वाचायचा. आणि दीड लाख मागणारा माणूस आला कुठून? नावं कमी होती म्हणून. २०१२ च्या अर्जांच्या फेरीआधी डॉट इनसारखी देशांची सोडून अशी जेमतेम बावीस शेपटं होती. त्या फेरीत १,९३० अर्ज आले, हजारावर शेपटं सुरू झाली. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर चालवणारी रॅडिक्स कंपनी तर आपल्या मुंबईच्या डायरेक्टी कंपनीतून निघालेली. आपला माणूस जगाला नावं विकतोय आणि आपण पागडी म्हणून रडतोय. गूगलच्या मालक कंपनीनेसुद्धा २०१५ मध्ये एबीसी डॉट एक्सवायझेड घेतलं.

लालबाग_मसाला
त्यांना पत्ता कोण विचारतो हो! माझ्याकडे घाटकोपरच्या एक बाई फोनवर विचारतात, ‘डॉट काय?’ तीनदा सांगतो. तरी मेल टाकतात डॉट कॉमवर. पाच किलो मालवणी मसाल्याची ऑर्डर त्या अडवणाऱ्याच्या दारात गेली, की हवेत विरली, देव जाणे.

फोर्टातला_वकील
मसालेवाल्यांच्या बाजूने. हजार शेपटं म्हणजे हजार ठिकाणी तुमचं नाव चोरायची सोय. २०१५ मध्ये डॉट सक्स (इंग्रजीत ‘भिकार’ अशा अर्थाची शिवी) आलं तेव्हा ट्रेडमार्कवाल्यांना वर्षाला २,४९९ डॉलर दर होता, स्वतःच्या नावाची बदनामी होऊ नये म्हणून! मोठ्या कंपन्या भरतात. छोट्याने दाद मागायची तर विपोकडे (नाव-ट्रेडमार्कचे हक्क बघणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) एका पंचाच्या तक्रारीचं शुल्कच १,५०० डॉलर, वकील वेगळा. म्हणजे मी. आणि नुसतं आडनाव असेल तर त्यावर आपला हक्क दाखवणंही सोपं नाही, कारण त्या आडनावाची माणसं कोकणात पोत्याने सापडतील.

चकली_दादर
तुम्ही दोघं भांडा. मी पाकिटावर क्यूआर छापते. दिवाळीत सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, पत्ता टाइप करणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलंच नाही.

गिरगावचा_डिझायनर
काकू, उद्या व्हॉट्सॲपने खातं बंद केलं तर? आपलं डोमेन असेल तर निदान क्यूआर दुसरीकडे वळवता येतो.

चकली_दादर
हं. हे मात्र खरं.

पाटी_मराठीच
दुकानाच्या पाटीसाठी भांडणारे इथे इंग्रजी शेपटं का चघळतायत? डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून मिळतंय, मराठीतही. आडनाव सरळ मराठीत लिहा की.

गिरगावचा_डिझायनर
मीच एकाला करून दिलं होतं. साइट छान उघडते. पण त्या पत्त्यावरचा ईमेल निम्मे फॉर्म ‘अवैध’ म्हणून परत फेकतात. दोष डॉट भारतचा नाही, फॉर्म बनवणाऱ्यांचा. पण अडतो आपणच.

फोर्टातला_वकील
एक उलटं उदाहरण देतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं. तिथे बँकेशिवाय कुणाला प्रवेशच नाही, म्हणून त्या शेपटाला अर्थ आहे. बाकी शेपटं कुणीही घ्यावीत. मग डॉट स्टोअर लिहिल्याने दुकान खरं आहे हे कसं कळणार?

गिरगावचा_डिझायनर
डॉट कॉमवरून तरी कुठे कळतं? लबाड तिथेही आहेत. तुम्ही जुन्याची सवय आणि विश्वास एकाच तागडीत घालताय.

लालबाग_मसाला
रात्री मुलाने बघितलं, आडनावाचं डॉट इन मोकळं होतं. घेतलं. आधी कुणी सुचवलं नाही, माझ्याही डोक्यात आलं नाही. आता जुनं सोडून द्यावं, तर त्या पत्त्याच्या अडीच हजार पिशव्या छापून माळ्यावर पडल्यात. चार हजार भरले.