पुन्हा: पुन्हा: गिटार काळी दोनला उतरवल्यापासून तारा फ्रेटला लागतात

प्रेषक: वाद्यवृंद (गिटार)

सप्रेम नमस्कार,

शनिवारच्या तालमीआधी हा प्रश्न सुटायला हवा, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ताईंच्या काळी दोन या पट्टीसाठी (पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज) गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर खाली घेतल्या, आणि तेव्हापासून जाड तीन तारा पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या मानेवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या) सातव्या-आठव्यापर्यंत चरचरतात. तरंगता ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो स्प्रिंगांवर हलणारा भाग) पूर्वीपेक्षा आत बसलेला दिसतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे तिसरी तार पेटीशी जुळत नाही, हे मागच्या तालमीत सर्वांच्याच कानांना जाणवले.

ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) थोडा सैल करून पाहावा असा विचार आहे, पण ॲलन की (षटकोनी पाना) खोक्यात नाही. मागच्या कार्यक्रमानंतर खोके ज्यांच्याकडे गेले होते त्यांनी कृपया शोधावे.

प्रेषक: वाद्यदुरुस्ती गट

ट्रस रॉडला आत्ता हात लावू नये. नेक वाकल्याचे अजून मोजलेलेच नाही, आणि ब्रिज बसलेला डोळ्यांना दिसतो आहे, तेव्हा सुरुवात तिथून व्हायला हवी.

तरंगत्या ब्रिजवर दोन ओढी सतत एकमेकींविरुद्ध चाललेल्या असतात. पुढून सहा तारा ओढतात आणि मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट दिशेने ओढतात. सहाही तारा अर्धा स्वर उतरवल्या की त्यांचा ताण सुमारे अकरा टक्क्यांनी घटतो, कारण ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. स्प्रिंगा मात्र होत्या तशाच राहतात. त्यामुळे ब्रिज मागे झुकतो, त्याच्यासोबत सॅडल (ब्रिजवरचे प्रत्येक तारेचे टेकू) खाली जातात आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. त्याच वेळी नेकवरचा ताणही घटल्यामुळे तिचा पुढचा किंचित बाक कमी होतो, म्हणून चरचर पहिल्या काही फ्रेटवर अधिक ऐकू येते. बिघाड असा कोणताच झालेला नाही. गिटार पूर्वीच्या ताणासाठी बसवलेली आहे आणि आपण तो ताण काढून घेतला आहे, एवढेच घडले आहे.

मागचे झाकण उघडले की स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत ती पट्टी दोन लांब स्क्रूंवर धरलेली दिसेल. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल करावेत, तारा पुन्हा सुरात लावाव्यात आणि ब्रिजची मागची कड बॉडीपासून किती उचलली गेली ते पाहावे. ती साधारण तीन मिलिमीटर येईपर्यंत हेच करत राहावे. सूर लावल्याशिवाय घेतलेल्या मापाला अर्थ नाही, कारण तार चढवली की ब्रिज पुन्हा हलतो. हे काम संथपणे करायचे आहे.

प्रेषक: गायनवर्ग

दोन्ही पत्रे वाचली. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते की पट्टी काळी दोनच राहील. माझ्या आवाजाला ती पट्टी बसलेली आहे, पेटी आणि तबला त्याच पट्टीत तयार आहेत, आणि एका वाद्याच्या सोयीसाठी सगळी बैठक हलवणे योग्य होणार नाही.

गिटार उतरवण्याची गरज मुळात का पडावी, हे मला समजलेले नाही. तारा नेहमीच्या सुरात ठेवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चाप) लावला आणि डी पट्टीच्या कॉर्डचे आकार वाजवले, तर काळी दोनच मिळते. आपल्याकडे पूर्वी साथीला येणारे दादा असेच वाजवत असत आणि त्यांची गिटार चरचरल्याचे मला आठवत नाही.

प्रेषक: वाद्यवृंद (गिटार)

ताई, पट्टी बदलण्याचा प्रश्नच नाही. आपल्या षड्जासाठीच गिटार उतरवली आहे. कॅपोबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे.

कॅपो लावून डीचे आकार वाजवले तर आपला षड्ज मोकळ्या चौथ्या तारेवर येतो. तारा अर्धा स्वर उतरवल्या तर सहावी मोकळी तारच काळी दोन होते, म्हणजे तोच षड्ज एक सप्तक खाली, खर्जात मिळतो. दुसऱ्या गाण्याची सुरुवातीची ओळ त्या मोकळ्या तारेवर उभी आहे. अंगठ्याने ती तार वाजत ठेवायची आणि वरच्या तारांवर सुरावट चालवायची, अशी तिची रचना आहे. कॅपो लावला की सहावी तार षड्जाच्या वर जाते आणि ती ओळ वाजवताच येत नाही. शिवाय कॅपोचा दाब जास्त झाला की तारा फ्रेटवर दाबल्या जाऊन सूर चढतो, आणि तो सहाही तारांवर सारखा चढत नाही.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

कॅपो पहिल्या फ्रेटवर ठेवून फक्त सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवली, तर ती कॅपोसह बरोबर काळी दोन होईल. मग खर्जातला षड्जही मिळेल आणि बाकीच्या पाच तारांना हात लावावा लागणार नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक मुद्दा मांडतो. या गिटारची गुणगुण माझ्या मिक्सरवर फार येते. मधल्या पिकअपसह (पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) जोडी निवडली की ती जवळजवळ नाहीशी होते, पण एकटा पिकअप निवडला की पुन्हा सुरू होते. ब्रिजजवळच्या पिकअपच्या जागी हंबकर बसवावा, असे मी मागेही सुचवले होते. त्यात दोन वेटोळी उलट दिशांनी गुंडाळलेली असतात आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे असतात, त्यामुळे तारेचा संकेत बेरजेने वाढतो आणि विजेची गुणगुण वजा होते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता, म्हणजे ही काही नवी अथवा धाडसी कल्पना नाही. सोल्डरिंग मी करून देईन.

प्रेषक: साहित्य विभाग

मंडळाच्या मालकीच्या वाद्यावर सोल्डरिंग साहित्य विभागाला विचारल्याशिवाय होऊ नये. दादांच्या कौशल्याबद्दल शंका नाही, परंतु हंबकरसाठी लागणारा आकार बॉडीत कोरलेला आहे का, हे पिकगार्ड (बॉडीवरचे पुढचे झाकण) उघडून कोणी पाहिलेले नाही. नसेल तर लाकूड कोरावे लागेल, आणि ते परत भरून येत नाही. एका वेटोळ्याच्या जागेत बसणारे अरुंद हंबकर मिळतात. तो बदल मूळ पिकअप जपून ठेवून पूर्ववत करता येईल, म्हणून त्याचा विचार कार्यक्रमानंतर जरूर करू. सध्याचे पोटेन्शिओमीटर (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग) २५० किलोओहमचे आहेत आणि हंबकरला सहसा ५०० किलोओहमचे लावतात, नाहीतर आवाजातली धार कमी होते. म्हणजे एक भाग बदलायचा म्हटले तरी त्याच्यामागे दुसरा येतो.

ॲलन की माझ्याकडेच आहे. ती मुद्दाम खोक्यात ठेवलेली नाही, कारण इंची मापाची की मिलिमीटरच्या खाचेत जवळजवळ बसते, जोर लावला की खाचेचे कोन झिजतात, आणि ट्रस रॉडच्या नटाचे कोन झिजले तर दुरुस्ती फार अवघड होते. ज्यांना हवी असेल त्यांनी सांगावे. मी स्वतः घेऊन येईन.

कपाटात ९–४२ गेजच्या (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांची पाकिटे आहेत, १०–४६ चे एक आहे आणि ९.५–४४ चे एक आहे. शेवटचे कोणी मागवले याची नोंद नाही.

प्रेषक: वाद्यदुरुस्ती गट

ध्वनिव्यवस्थेच्या दादांनी सुचवलेली युक्ती स्थिर ब्रिजच्या गिटारवर उत्तम चालते. तरंगत्या ब्रिजवर मात्र एक तार उतरवली की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. मग त्या पाच उतरवायच्या, त्यामुळे सहावी हलते, आणि हे चक्र बराच वेळ चालते. दोन गाण्यांच्या मध्ये हे करणे शक्य नाही.

गुणगुणीबद्दल एवढेच विचारतो, की तारांना हात लावल्यावर ती कमी होते ना? होत असेल तर ब्रिजची अर्थिंगची जोडणी शाबूत आहे. पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावली तर चरचरीत विद्युतगोंगाट कमी होईल, पण ट्रान्सफॉर्मरची चुंबकीय गुणगुण त्याने थांबत नाही. ॲम्पपासून चार पावले दूर उभे राहणे आणि गिटारचा कोन बदलून पाहणे हेच त्यावर तूर्त उपयोगी पडेल.

प्रेषक: गिटारवर्ग

९.५–४४ चे पाकीट मी मागवले होते आणि ते याच कामासाठी होते. काकांनी स्प्रिंगांबद्दल लिहिले ते बरोबर आहे, तरीही मला दुसरा मार्ग अधिक चांगला वाटतो आणि त्यामागचा हिशेब मांडतो.

सध्या गिटारवर ९–४२ आहे. एकाच लांबीच्या साध्या पोलादी तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. नऊच्या जागी साडेनऊची तार घेतली तर ताण सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो, आणि अर्धा स्वर उतरवल्यावर तो जवळजवळ तेवढाच घटतो. म्हणजे काळी दोनला लावलेल्या साडेनऊच्या तारेचा ताण नेहमीच्या सुरातल्या नऊच्या तारेइतकाच येतो. फरक राहिला तर एक टक्क्याच्या आसपास राहील. पाचव्या आणि सहाव्या तारेतही तो दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये. स्प्रिंगा, नेकचा बाक, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) हे सर्व ज्या ताणासाठी बसवलेले आहे तोच ताण परत दिला, तर ब्रिज आपणहून जागेवर येईल. १०–४६ लावल्या तर ताण पूर्वीपेक्षा दहा टक्क्यांनी वाढेल, ब्रिज पुढे उचलला जाईल आणि उलट्या दिशेने तेच काम करावे लागेल.

स्प्रिंगा सैल करून ९–४२ वरही चरचर जाईल, पण तारा हाताला ढिल्या लागतील. ढिली तार फ्रेटवर दाबताना सहज चढते, विशेषतः तिसरी, आणि ताईंच्या पेटीबरोबर वाजवताना तो चढ लपत नाही. वाद्य किती खाली लावायचे हे आधी पक्के करावे, त्यानुसार तारा निवडाव्यात आणि मगच पाना हातात घ्यावा, असे मी वर्गात सर्वांना सांगत असतो.

प्रेषक: गायनवर्ग

पेटी पूर्णपणे ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली आहे. गिटारचा ट्यूनर त्याच मापावर आहे ना, हे कृपया पाहावे.

प्रेषक: वाद्यदुरुस्ती गट

हिशेब मान्य आहे. स्प्रिंगांचा मार्ग मी हाताशी असलेल्या तारा धरून सांगितला होता. योग्य गेज कपाटात असेल तर तेच लावावे. तारा एकदम सगळ्या काढू नयेत, एकेक बदलावी, म्हणजे ब्रिज पूर्ण मोकळा पडत नाही. खुंटीवर पातळ तारांचे दोन-तीन वेढे पुरेत. वेढे वाढले की तार बसायला वेळ लागतो आणि सूर उतरत राहतो. प्रत्येक तार मध्यभागी धरून हळूच उचलून ताणावी आणि पुन्हा सुरात लावावी, असे ती उतरायची थांबेपर्यंत करावे.

नंतर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून, सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबून, आठव्या फ्रेटपाशी फटीचे माप घ्यावे. ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ट्रस रॉड विसरून जावे. बरीच कमी असेल तरच साहित्य विभागाकडून की मागवावी, पाव आटा सैल करावा आणि पुन्हा सूर लावून मोजावे. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर असली की पुरे.

पिकअपची उंचीही पाहावी. ब्रिज बसल्यामुळे तारा पिकअपच्या चुंबकांजवळ गेल्या होत्या. चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचा सूर डळमळतो. शेवटचा फ्रेट दाबल्यावर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि पातळ तारेखाली २ मिलिमीटर जागा राहायला हवी. बाराव्या फ्रेटची सुरावट अगदी शेवटी तपासावी, कारण आधीचे काहीही बदलले की ती बदलते.

प्रेषक: वाद्यवृंद (गिटार)

काल रात्री ९.५–४४ चढवल्या. ट्यूनर ४४० वरच आहे. ब्रिजची मागची कड तीन मिलिमीटरला आली, स्प्रिंगांना हात लावावा लागला नाही. आठव्या फ्रेटपाशी ०.२५ ची पाती तारेखालून किंचित घासत जाते, तेव्हा की नको. चरचर गेली, सहाव्या तारेवर जोरात छेडल्यास थोडी ऐकू येते, पण ॲम्पमधून ती येत नाही.

तिसरी तार बाराव्या फ्रेटवर दाबली असता तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता हलके स्पर्शून निघणाऱ्या स्वरापेक्षा) चढी येत होती. तिचे सॅडल मागे घेऊन तारेची लांबी वाढवली. प्रत्येक वेळी तार सैल करून, सॅडल सरकवून आणि पुन्हा सुरात आणून पाहिले. आता दोन्ही ट्यूनरवर सारखे दिसतात आणि पेटीच्या षड्जाशी वरच्या सप्तकातही जुळतात.

एक गोष्ट राहिली आहे. तिसरी तार सुरात आणताना नटपाशी (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) टिंग असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाच कानशीने रुंद करावी का?

प्रेषक: वाद्यदुरुस्ती गट

कानस नको. तार खाचेत अडकते आहे एवढेच. ती उचलून खाचेत मऊ पेन्सिलचे शिसे घासावे आणि तार परत बसवावी. त्याने न गेल्यास शनिवारी तालमीच्या अर्धा तास आधी गिटार घेऊन यावे. नटच्या कानशी मी आणतो, आणि साहित्य विभागाने समोर असावे.

प्रेषक: साहित्य विभाग

येते. ९–४२ ची पाकिटे कपाटातच राहतील. गिटारच्या खोक्यावर आता ९.५–४४, काळी दोन अशी चिठ्ठी लावत आहे, जेणेकरून पुढे कोणी न विचारता ९–४२ च्या तारा पुन्हा चढवणार नाही.